शालनअक्कांचा ॲक्सल

शालनअक्का गाडी कधी पुढून बघायच्या नाहीत. एखादा हौशी माणूस आपली आजोबांच्या वेळची मोटार घासूनपुसून त्यांच्या दारात आणून उभी करायचा, गोल दिवे, रुंद फूटबोर्ड, बॉनेटवरचं चकचकीत चिन्ह दाखवायला लागायचा, आणि अक्का पदर कमरेला खोचून सरळ मागं जायच्या. खाली पोतं अंथरायच्या, त्यावर आडव्या व्हायच्या आणि टॉर्च घेऊन मागच्या दोन चाकांमधल्या त्या काळ्या, तेलकट लोखंडाकडं बघत राहायच्या. मालक बिचारा पुढं एकटाच उभा. बऱ्याच वेळानं गाडीखालून आवाज यायचा, "तोंड कुणीबी रंगवतंय ओ पावणं. भार कोण वाहतंय ते बघू द्या की मला."

उद्यमनगरात त्यांचं शेड आणि माझी भट्टी समोरासमोर. लोखंड तापवून, विझवून टणक करून द्यायचं, हा माझा धंदा. भट्टी नवीनच टाकली होती, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, आणि एके दुपारी एक उंच, सावळ्या बाई खांद्यावर दोन पोलादी दांड्या घेऊन आत आल्या. धाडकन टेबलावर ठेवल्या.

"वरनं कडक, आतनं चिवट पायजे. नुसतं कडक केलासा तर काचंगत फुटंल. नुसतं मऊ ठेवलासा तर पिळा पडंल. जमतंय काय?"

"जमेल मॅडम."

"मॅडम कोण न्हाय हितं. अक्का म्हणा."

पुढं वर्षभर त्या मला 'भट्टीवालं पावणं' म्हणत होत्या. काम मनासारखं व्हायला लागल्यावर एक दिवस मी अचानक 'राजाभाऊ' झालो. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी बघतो' असंच बोलायच्या. आवाज तर विचारू नका. जन्म लेथच्या घरघरीत गेलेला. 'चहा घेताय काय?' असं त्यांनी मला विचारलं की शेजारच्या शेडमधली माणसं 'व्हय' म्हणायची.

त्या दांड्या म्हणजे ॲक्सल शाफ्ट. जुन्या मोटारीचं इंजिन पुढं, पण गाडी ढकलतात मागची चाकं. इंजिनाचा जोर गाडीखालच्या लांब दांड्यातून मागं येतो, मागच्या गोल डब्यातल्या दातेरी चाकांत वळतो आणि डाव्या-उजव्या शाफ्टमधून चाकांना पोचतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या परदेशी गाडीचा शाफ्ट तुटला तर नवा कुठं मिळणार? तो अक्का करून द्यायच्या. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा त्यांनी केला तेव्हा वर्गात दुसरी मुलगी नव्हती. यजमान लग्नानंतर लवकरच गेले, मूलबाळ नव्हतं, आणि वडिलांच्या शेडमध्ये त्या जशा परत आल्या तशा तिथंच राहिल्या. सिंचनाच्या पंपाचे सुटे भाग हा त्यांचा रोजचा धंदा. जुन्या गाड्यांचं काम मात्र जिवाच्या आवडीनं करायच्या. ते काम घेण्याआधी त्यांचे ठरलेले प्रश्न असायचे. "इंजिन कुठलं? चालवणार कोण? जाणार कुठं?" उत्तर पटलं नाही तर माणूस कितीही मोठा असो, काम परत.

एकदा पुण्याचे एक बिल्डर आले होते. पांढरे बूट, पांढरी पँट. त्यांच्या अमेरिकन गाडीतलं जुनं पेट्रोल इंजिन काढून त्यांना आजच्या जीपगाडीचं डिझेल इंजिन बसवायचं होतं. "तुम्ही फक्त मागचा शाफ्ट जरा मजबूत करून द्या," असं त्यांचं म्हणणं. अक्का उठल्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाचं एक लांब कांडं घेऊन आल्या, त्याचं एक टोक व्हाइसमध्ये घट्ट आवळलं, दुसऱ्या टोकाला पाईपपाना लावला आणि पाना बिल्डरसाहेबांच्या हातात दिला.

"पिळा."

साहेबांनी पिळलं. उसाची साल चरचरत उकलली, आतले धागे मोकळे झाले आणि रसाची धार थेट पांढऱ्या बुटांवर.

"तुमच्या जुन्या इंजिनाचा जोर हळूहळू चढतोय," अक्का म्हणाल्या. "डिझेल सुरवातीलाच हिसका देतंय. पयल्या गिअरात त्यो जोर कितीतरी पटीनं वाढतोय, मागल्या डब्यात आणि वाढतोय. गाडी भरलेली, म्होरं चढ, आणि तुमचा ड्रायव्हर क्लच सोडतोय झटक्यानं. समदं येतंय कुठं? ह्या दांडीवर. मी दांडी जाड करतो, मग डब्यातलं दात जातील. दात बदलतो, मग डबा चिरंल. बदलायचं तर मागलं समदं बदला, न्हायतर इंजिनाला हात लावू नका."

"दुसरं कुणीतरी करून देईल की."

"दील की! त्याच्याकडंच जावा. फकस्त गाडीत घरची माणसं बसवू नका."

तेव्हा चिंधी घेऊन साहेबांचे बूट पुसायला जो धावला आणि हसत हसत त्यांना गाडीपर्यंत सोडून आला, तो विलास.

विलास अक्कांच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. हाताला अतिशय हुशार, जिभेवर साखर. अक्कांपेक्षा बराच लहान, त्यांना 'अगं अक्का' म्हणणारा. म्हातारे वडील पक्षाघातानं अंथरुणाला खिळले तेव्हा रोज सकाळी मंगळवार पेठेतल्या घरी जाऊन त्यांना उचलून अंघोळीला नेणारा हाच. म्हाताऱ्यांची दाढीसुद्धा तोच करायचा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की माणूस पहिल्यापासून तसलाच असणार. तसं नव्हतं. त्याची पोरगी पूजा अक्कांच्याच घरी वाढली. तिला अंकलिपी अक्कांनी शिकवली. विलासनं जुन्या गाड्या पूर्ण नव्यानं उभ्या करायचं काम काढलं तेव्हा अक्कांनी आपलं अर्धं शेड त्याला मोकळं करून दिलं. मग त्याचं नाव झालं. मुंबई, बेळगाव, गोव्याहून गाड्या यायला लागल्या. हायवेला त्यानं स्वतःचं मोठं गॅरेज बांधलं. पण शाफ्ट मात्र अक्कांचेच. गिऱ्हाइकांना तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "मागलं काम अक्काचं हाय. डोळं झाकून बसा."

आणि ते खरं होतं. शाफ्ट बसवला की अक्का स्वतः ती गाडी पन्हाळ्याच्या चढाला घालायच्या. मला शेजारी बसवायच्या. नऊवारी नेसलेल्या, ताठ बसलेल्या, दोन्ही हातांनी ते भलंमोठं स्टिअरिंग धरलेल्या अक्कांना बघायला वाटेत लोक थांबायचे. चढाच्या मध्येच त्या मुद्दाम गाडी उभी करायच्या आणि पुन्हा पहिल्या गिअरात उचलायच्या. वर पोचलं की खाली उतरून मागच्या डब्याला तळहाताची उलटी बाजू लावून बघायच्या, आई पोराचा ताप बघते तसं. "थंड हाय," म्हणायच्या आणि मग चहा.

मुरगूडच्या तात्यांची गाडी विलासकडं आली ती अशाच विश्वासावर. तात्या गुळाचे व्यापारी. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, तात्यांची लग्नाची वरात त्यातूनच निघालेली. ती पुन्हा चालू करायची आणि बायकोला, म्हणजे काकींना, शेजारी बसवून जोतिबाला जायचं, एवढीच त्यांची इच्छा. विलास शाफ्टचं माप घेऊन आला तेव्हा मी अक्कांच्या शेडमध्येच चहा पीत होतो.

"इंजिन कुठलं?" अक्कांनी विचारलं.

"हाय तेच की. ओरिजिनल. फकस्त रिंगा बदलल्यात."

"चालवणार कोण?"

"तात्या सोता. आणि जाणार जोतिबाला. आता झालं समाधान?"

दोघंही हसले. विलासनं बशीत चहा ओतला, फुंकर मारून प्याला. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. आजही तो चेहरा आठवून मी त्यात काही सापडतं का बघतो.

शाफ्ट झाले, माझ्या भट्टीतून जाऊन आले. गाडी तयार झाली तेव्हा नेमकं अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्या बहिणीकडं संकेश्वरला होत्या. विलासनं फोनवर सांगितलं, "तू डोळा सांभाळ. पन्हाळ्याला मी फिरवून आणतो."

जोतिबाच्या चढाला शेवटच्या वळणावर तात्यांच्या गाडीचा शाफ्ट तुटला. आधी बंदुकीसारखा आवाज झाला म्हणतात. इंजिन जोरात फिरतंय आणि चाकांना जोरच नाही. भरलेली जड गाडी, ब्रेक जुन्या पद्धतीचे. गाडी उताराला मागं घसरत जाऊन रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर आदळली. कठडा होता म्हणून माणसं वाचली. तात्यांना टाके पडले. काकींचं खुब्याचं हाड मोडलं.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं आमच्याकडं एक मंडळ आहे. त्यांची बैठक विलासच्या गॅरेजवर झाली. मीही गेलो होतो. सगळ्यांच्या देखत विलास म्हणाला, "शाफ्ट अक्काकडचा. मटेरियल हलकं निघालं. आता तिचं वय झालं, डोळ्याला दिसत न्हाय. मी तरी किती बघणार?"

"शाफ्ट माझ्या भट्टीतून गेलाय विलास," मी म्हणालो. "मला तर लोखंडात काही वावगं दिसलं नाही."

"तुमचं काम चोखच हाय ओ राजाभाऊ. मूळ मालच खराब, त्याला तुम्ही काय करणार?" असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तिथून सरळ, नुकत्याच संकेश्वरहून परतलेल्या अक्कांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "त्यो आसं बोलणार न्हाय," म्हणाल्या. "तुम्ही नीट ऐकलं न्हाईसा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीचं कुलूप काढायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. हातात, ज्या सळईतून शाफ्ट केला होता तिचा उरलेला तुकडा. रात्रभर झोपल्या नसाव्यात. विलासवर संशय घेण्याआधी त्यांनी स्वतःवर घेतला होता. "चुकून दुसरीच सळई लावली आसंल काय ओ मी?" एवढंच पुटपुटल्या. मी तुकडा तपासला. पोलाद जसं पाहिजे तसंच होतं. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटायला पाहिजे होतं. त्या भट्टीशेजारच्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग तुटला का?"

विलास फोन उचलत नव्हता. आम्ही दोघं मुरगूडला गेलो.

तात्यांच्या वखारीत, गुळाच्या ढेपांच्या मागं, ताडपत्रीखाली गाडी ठेवली होती. तात्यांनी तुटका शाफ्ट पोत्यात गुंडाळून जपला होता. अक्कांनी तो उजेडात धरला. शाफ्टच्या टोकाला सरळ रेषेत कापलेल्या खाचा असतात, त्या दोरीच्या पिळासारख्या वळल्या होत्या. चांगलं पोलाद असं पिळतं ते सोसण्यापलीकडच्या जोरानंच. अक्का त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना गाडीच्या पुढच्या बाजूला जाताना पाहिलं. त्यांनी बॉनेट उचललं.

आत डिझेल इंजिन होतं. नवं, रुंद, कसंबसं कोंबून बसवलेलं.

"तात्या, हे कवा बदललं?" अक्कांचा आवाज मला नीट ऐकूसुद्धा आला नाही.

"म्हणजे? सुरुवातीलाच की," तात्या चक्रावले. "विलास म्हटला, जुनं इंजिन चढाला दम टाकंल, डिझेल टाकूया. मी त्याला म्हटलं, मागलं सोसंल काय? तर म्हटला, अक्कांना इचारलंय, त्यांनी हिशेब करून सांगितलंय, बिनघोर टाका. तुम्ही हो म्हटला म्हणून तर मी इंजिन बदललं बाई."

"आणि जुनं इंजिन?"

"ते त्यानं बेंगळूरच्या कुणाला तरी दिलं."

आतल्या दारात काकी वॉकर धरून उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, ते फार वाईट होतं. म्हणाल्या, "अक्का, आमी काय त्या विलासला वळखत न्हवतो. तुमच्या नावावर बसलो गाडीत."

अक्कांना सांगता आलं असतं की मला कुणी विचारलंच नव्हतं. मी वाट बघत होतो त्या कधी सांगतात याची. त्या एवढंच म्हणाल्या, "मी मागलं समदं नवं करून देतो तात्या. ट्रकचा ॲक्सल कापून बसवतो. जन्मात तुटायचा न्हाय."

तात्यांनी हात जोडले. "नको. आता तुमचं बी काम नको आणि त्याचं बी नको."

परत येताना मी विचारलं, "अक्का, तुम्ही खरं का नाही सांगितलं त्यांना?"

"सांगून काय हुतंय? त्या बाईचा खुबा नीट हुतोय?" आणि थोड्या वेळानं, कागलच्या पुढं, "माझ्याच नावानं केलं ओ त्यानं. दुसऱ्या कुणाचं बी नाव घेतलं आसतं तर तात्या बसलं नसतं गाडीत."

त्याच दुपारी आम्ही विलासच्या गॅरेजवर गेलो. तो एका गाडीला पॉलिश मारत होता. अक्कांना बघून हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या खूप ओरडतील अशी माझी खात्री होती. गॅरेजमधली माणसंही कामं थांबवून उभी राहिली. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला इचारलं हुतं, इंजिन कुठलं."

विलासनं हाताला लागलेलं पॉलिश पँटला पुसलं. मग म्हणाला, "खरं सांगितलं आसतं तर तू न्हाय म्हटली आसतीस."

"व्हय. म्हटलं आसतं."

"मग तात्या दुसरीकडं गेलं आसतं. तुला पंपाचं काम हाय अक्का, गाड्या तुझी हौस हाय. माझं सगळं ह्याच्यावर चालतंय. कुणी चढाला गाडी नेली आणि म्हटलं ओढत न्हाय, तर नाव माझं जातंय."

"म्हणून माझं घालवलास?"

"तुला आता नाव घेऊन काय करायचं हाय?"

हे तो उद्धटपणे बोलला नाही. खरंच विचारावं तसं बोलला. मला वाटतं, तुटलेल्या शाफ्टपेक्षा अक्कांना हे जास्त लागलं. एवढी वर्षं ज्याला धाकटा भाऊ मानलं, त्यानं त्यांच्या नावाला त्यांच्या स्वतःच्या लेखीही किंमत असू शकते हे गृहीतच धरलं नव्हतं. गिऱ्हाइकापुढं छातीवर हात ठेवताना तो नेमकं काय विकत होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तात्यांकडून आणलेला तो तुटका शाफ्ट घेऊन अक्का मंडळाच्या पुढच्या बैठकीला गेल्या. वळलेल्या खाचा सगळ्यांना दाखवल्या, इंजिनाचं सांगितलं. ज्यांच्या गाड्या अक्कांच्या शाफ्टवर धावत होत्या ते सगळे समोर बसलेले. कुणी खाली बघत होतं, कुणी मोबाईलमध्ये. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "अक्का, हा तुमच्या दोघांच्या घरातला विषय. मंडळात कशाला? विलासकडं निम्म्या लोकांच्या गाड्या खोलून पडल्यात ओ." मी उठून बोललो, पण तोवर चहा आला होता. अक्कांनी कप घेतला नाही. शाफ्ट पुन्हा पोत्यात गुंडाळला आणि निघाल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "त्यो खोटं बोलला ह्यात त्येंचं काय जात न्हाय. खरं बोललो तर गाड्या अडकतात."

त्यानंतर जुन्या गाडीचं काम त्यांनी घेतलं नाही. लोक यायचे, मागायचे. कर्नाटकातून एक वकील तर दोनदा आले. अक्का दारातच सांगायच्या, "पंपाचं काय आसंल तर बोला." विलासचं गॅरेज चालूच राहिलं. तो शाफ्ट आता दुसरीकडून करून घ्यायला लागला. अक्का त्याच्याबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत, चांगलंही नाही. कुणी त्याचं नाव काढलं की विषय बदलत नसत, हातातलं काम तसंच चालू ठेवायच्या, आणि समोरच्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. शेवटी लेथ विकून त्यांनी संकेश्वरला बहिणीकडं जायचं ठरवलं.

जायच्या आधी विलासच्या पूजाच्या मुलाचं बारसं होतं, राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये. पूजा स्वतः मंगळवार पेठेत जाऊन आमंत्रण देऊन आली होती. मला वाटलं नव्हतं, पण अक्का आल्या. इरकली नेसून, बाळासाठी चांदीचे वाळे घेऊन. बायकांनी पाळणा म्हटला, पूजानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्याच्याकडं बघत त्या कितीतरी वेळ हसत होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मी समोरच्याच रांगेत होतो. विलास गर्दीतून वाट काढत आला. केस पिकलेले, नवा कडक झब्बा. आधी जरा बाजूला घुटमळला. मग पुढं झाला आणि सगळ्यांदेखत अक्कांच्या पायाशी वाकला.

अक्कांनी पाय खुर्चीखाली आत ओढून घेतले.

विलासचे हात फरशीवर तसेच टेकलेले राहिले. तो उठेना, काय करावं त्याला कळेना. अक्का त्याच्याकडं बघतही नव्हत्या. बाळाच्या कपाळावरची तीट फिसकटली होती, ती त्या पदराच्या टोकानं अलगद पुसत होत्या.